जमा, जुम्मा आणि मुजुमदार : अरबी धातू चालतो कसा

अरबी शिकायला बसलेल्या माणसाची पहिली फजिती शब्दकोश उघडल्यावर होते. त्याला 'मजमूअ' हा शब्द हवा असतो, म्हणून तो 'म'ची पानं चाळतो. शब्द तिथे नसतो. 'इज्तिमाअ' अ-मध्ये नसतो, 'तजम्मुअ' त-मध्ये नसतो. तिन्ही सापडतात 'ज'मध्ये, एकाच नोंदीखाली, आणखी कितीतरी शब्दांच्या दाटीत. जुन्या वळणाचा अरबी कोश शब्दाच्या पहिल्या अक्षरावर नव्हे, तर धातूवर लावलेला असतो. शब्द हाती आला की त्याच्यावरचं जोडकाम उतरवून आतला धातू ओळखायचा आणि मग पान उघडायचं, हे काम वाचणाऱ्याचं.

इथे त्या कोशातली एकच नोंद उघडायची आहे: ज-म-अ. अरबी धातू समजावताना बहुतेक जण क-त-ब घेतात, लिहिण्याचा. तो सोपा आहे, पण मराठी वाचकाला परका. ज-म-अ तसा नाही. पासबुकातली जमा, जातीच्या दाखल्यावरची जमात, जुम्म्याची नमाज, मुजुमदार हे आडनाव ही सगळी याच धातूची प्रजा. रोज भेटणारे हे शब्द एकमेकांचे कोणी लागतात असं मात्र आपल्याला वाटत नाही. आपण सुटे शब्द घेतले. ते ज्या यंत्रातून बाहेर पडले ते यंत्र तिकडेच राहिलं.

व्यंजनं जागेवर, स्वर फिरते

धातू म्हटलं की शाळेतलं संस्कृत आठवतं. कृ धातू, त्यापासून कर्म, कर्ता, कार्य. उपसर्ग लावला की प्रकार, विकार, संस्कार. तिथे बरीचशी जोडणी धातूच्या मागेपुढे होते. अरबीत उलथापालथ शब्दाच्या पोटात होते. धातू म्हणजे नुसती व्यंजनं, बहुतेक वेळा तीन. त्यांचा क्रम मोडत नाही. मधले स्वर बदलतात, कधी एखादं व्यंजन दुप्पट होतं, कधी पुढे 'म' लागतो, कधी मध्येच 'त' घुसतो. नुसता धातू उच्चारताही येत नाही, कारण त्यात स्वरच नसतात.

हा प्रकार मराठीला अगदीच अनोळखी नाही. मरणे–मारणे, पडणे–पाडणे, गळणे–गाळणे, टळणे–टाळणे या जोड्या पाहा. व्यंजनं तीच, आतला स्वर लांबला आणि आपसूक घडणाऱ्या क्रियेला कोणीतरी करणारा मिळाला. आपल्याकडे ही युक्ती थोड्या क्रियापदांपुरती उरली. अरबीने तिच्यावर भाषेचा अख्खा डोलारा उभा केला.

व्यंजनांभोवती स्वरांची जी ठरावीक मांडणी होते तिला अरबी व्याकरणकार 'वज़्न' म्हणतात. आपलं वजन ते हेच. वज़्न दाखवायला ते 'करणे' अर्थाचा फ-अ-ल हा धातू नमुना म्हणून वापरतात. 'फाइल' म्हणजे क्रिया करणारा, 'मफ़ऊल' म्हणजे जिच्यावर क्रिया झाली ती वस्तू. हिंदी गाणी ऐकणाऱ्याला ही जोडी केव्हाच पाठ आहे: आशिक आणि माशूक. प्रेम करणारा आशिक, ज्याच्यावर प्रेम केलं तो माशूक. दोघांत व्यंजनं तीच आहेत.

आता जरा कचेरीत चला. ह-स-ल म्हणजे हाती येणे. 'फाइल'च्या वज़नात तो घातला की हासिल, हाती येणारं. 'मफ़ऊल'मध्ये घातला की महसूल, जे हाती आलं ते. 'तफ़ईल' या तिसऱ्या वज़नात क्रिया जोर लावून, मागे लागून केली जाते. त्यात घातला की तहसील, म्हणजे वसुली. महसूल आणि तहसील हे शब्द महाराष्ट्रात लहान पोरालाही ठाऊक असतात, पण एक 'म'ने सुरू होतो आणि दुसरा 'त'ने, म्हणून ते भाऊ आहेत हे मनात येत नाही. अरबी कान ह-स-ल ऐकतो आणि पुढचं सगळं त्याला आपोआप कळतं.

हेच ज-म-अला लावा. जामिअ, गोळा करणारा. मजमूअ, गोळा केलेलं. तजमीअ, जुळवून उभं करणं. आजच्या अरबीत मोटारीचे सुटे भाग जुळवण्यालाही हाच शब्द आहे. आणि 'मफ़अल' या जागा दाखवणाऱ्या वज़नात मजमअ, म्हणजे एकत्र येण्याचं ठिकाण.

एक खुलासा इथेच करून टाकतो. ज-म-अ मधला 'अ' हा आपला स्वर नाही. तो 'ऐन' नावाचा पक्का व्यंजनवर्ण आहे, घशाच्या तळातून आवळून काढायचा. मराठीत त्याला जागा नाही, म्हणून 'अ'वर भागवतो आहे. बसऱ्याच्या अल-खलील या आठव्या शतकातल्या पंडिताने अरबीचा पहिला मोठा कोश रचला तेव्हा वर्ण घशापासून ओठांपर्यंत लावले आणि सुरुवात ऐनपासून केली. कोशाचं नावच 'ऐन'. कंठ्यापासून ओष्ठ्यापर्यंत जाण्याची रीत आपल्या क-ख-गमध्येही आहे, त्यामुळे या रचनेमागे भारताचा हात असावा का, यावर अभ्यासक बराच काळ वाद घालत आले आहेत.

एका कल्पनेची इतकी रूपं

इब्न फ़ारिस हा दहाव्या शतकातला कोशकार. प्रत्येक धातूच्या मुळाशी एक किंवा फार तर दोन-चार कल्पना असतात आणि बाकीचे अर्थ तिथून फुटतात, असं धरून त्याने कोश लिहिला. ज-म-अबद्दल तो सांगतो की याचं मूळ एकच, वस्तू एकमेकींना येऊन भिडणं. सगळ्या धातूंच्या बाबतीत त्याची ही पद्धत टिकत नाही, पण इथे चपखल बसते.

सगळ्यात साधं रूप 'जम्अ', गोळा करणं. बोटं गोळा केली की मूठ, तिला 'जुम्अ' म्हणतात. आकडे गोळा केले की बेरीज. नवव्या शतकात बगदादच्या अल-ख्वारिज्मीने बेरीज-वजाबाकीवर पुस्तक लिहिलं त्याच्या नावात हाच शब्द होता. प्रवासात दोन वेळच्या नमाजा एकत्र पढणं, तेही जम्अ. पैगंबरांच्या निधनानंतर कुराणाची विखुरलेली लिखाणं आणि लोकांना मुखोद्गत असलेले भाग एकत्र आणले गेले, त्या कामालाही इतिहासात जम्अ हेच नाव आहे.

व्याकरणात जम्अ म्हणजे अनेकवचन. अरबीत द्विवचन वेगळं असल्यामुळे अनेकवचन तिनापासून पुढे सुरू होतं. त्याच्या दोन जाती. एकात मूळ शब्द शाबूत राहून मागे प्रत्यय लागतो. दुसऱ्यात शब्द आतून मोडून नव्या वज़नात बसवला जातो, म्हणून त्याला 'मोडलेलं अनेकवचन' म्हणतात. मराठीत या मोडलेल्यांची चांगलीच वस्ती आहे. अमीरचं अनेकवचन उमरा, तो आपला उमराव. तोंड या अर्थाच्या शब्दाचं अनेकवचन अफ़वाह, म्हणजे 'तोंडं'. आपली अफवा तीच, आणि नाव किती योग्य पडलं आहे. सगळ्यात गमतीचा 'असामी'. अरबीत इस्म म्हणजे नाव, त्याचं अनेकवचन अस्मा, आणि त्या अनेकवचनाचंही अनेकवचन असामी. अरबी व्याकरण याला 'जम्अचा जम्अ' म्हणतं. मराठीत मात्र 'बडी असामी' म्हणजे एकटा एक माणूस.

पुढे वज़न बदललं की अर्थाला कलाटणी मिळते. धातूच्या पहिल्या व्यंजनानंतरचा स्वर लांबवला की क्रियेत दुसरा माणूस येतो, कोणासोबत तरी केलेली क्रिया. ज-म-अचं हे रूप जामअ, आणि त्या क्रियेचं नाम जिमाअ, शरीरसंबंध. धर्मशास्त्राच्या ग्रंथांत हा शब्द कसलाही आडपडदा न ठेवता येतो.

आणखी एका वज़नात इज्माअ तयार होतं. मनातले विखुरलेले विचार एका जागी आणून निश्चय करणं हा त्याचा एक अर्थ, आणि अनेकांची मतं एका जागी येणं, म्हणजे एकमत, हा दुसरा. सुन्नी धर्मशास्त्रात कुराण आणि हदीस, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि वागण्याच्या नोंदी, यांच्या खालोखाल तिसरा आधार इज्माअचा. आता एकमत नेमकं कोणाचं धरायचं? पैगंबरांच्या सोबत्यांचं, मदिनेच्या लोकांचं, त्या काळातल्या सगळ्या विद्वानांचं, की सगळ्या मुसलमानांचं? शतकानुशतकं यावर खल झाला आहे. एकमत कशाला म्हणायचं यावर एकमत नाही.

पहिल्या व्यंजनानंतर 'त' घुसवला की क्रिया आपल्यावरच उलटते. गोळा करणं नाही, गोळा होणं. ज-त-म-अ: इज्तिमाअ. वर्तमानपत्रांत वाचतो तो तब्लीगचा इज्तेमा हाच. चौदाव्या शतकात ट्युनिसमध्ये जन्मलेल्या इब्न ख़ल्दूनने १३७७ साली आपल्या इतिहासाची प्रस्तावना लिहिली. त्यात त्याने मांडलं की इज्तिमाअ माणसाची गरज आहे, कारण पोटापुरतं धान्य पिकवायचं आणि शत्रूपासून वाचायचं तर एकट्याला जमत नाही. आजच्या अरबीत समाजशास्त्राला 'इल्म अल-इज्तिमाअ' म्हणतात आणि समाज म्हणजे 'मुज्तमअ'.

हाच इज्तिमाअ खगोलशास्त्रात गेला तेव्हा सूर्य-चंद्राच्या युतीचं नाव झाला. म्हणजे अमावास्या. आणि अमावास्या या शब्दाची फोड काय? अमा म्हणजे सोबत, वस् म्हणजे राहणे. सूर्य-चंद्र एकत्र राहतात ती तिथी. एकमेकांशी कसलंही नातं नसलेल्या दोन भाषांनी आकाशातल्या एकाच घटनेकडे पाहून तोच विचार केला. या सगळ्या खटाटोपात मला सर्वांत आवडलेला योगायोग हाच.

मजमअ, एकत्र येण्याची जागा, हा शब्द कुराणात दोन समुद्र मिळतात त्या ठिकाणासाठी येतो. सतराव्या शतकाच्या मध्याला दारा शुकोहने सूफी विचार आणि वेदान्त कुठे मिळतात हे दाखवणारा फारसी ग्रंथ लिहिला, त्याला नाव दिलं 'मजमअ अल-बहरैन', दोन समुद्रांचा संगम. विसाव्या शतकात दमास्कस आणि कैरोला भाषेच्या अकादमी निघाल्या, त्यांनाही मजमअ म्हटलं गेलं. कैरोच्या तहरीर चौकातल्या, सरकारी कचेऱ्यांसाठी बांधलेल्या एका अगडबंब इमारतीचं नाव अल-मुजम्मअ. १९५०च्या सुमारास ती उभी राहिली. सगळी खाती एका छपराखाली आणायची हा हेतू होता आणि तो पार पडला. परिणामी सगळ्या रांगाही एका छपराखाली आल्या, आणि कैरोकरांच्या तोंडी इमारतीचं नाव सरकारी दिरंगाईचा प्रतिशब्द झालं.

शुक्रवार, मशीद आणि भिशी

शुक्रवारला अरबीत 'यौम अल-जुमुआ' म्हणतात, जमण्याचा दिवस. इस्लामपूर्व काळात या वाराचं नाव अरूबा होतं. दुपारच्या सामूहिक नमाजेमुळे नवं नाव पडलं. आपल्या बोलण्यात त्याचा जुम्मा झाला, मधला 'म' दुहेरी झाला आणि ऐन गळाला. ही नमाज गावातल्या ज्या मोठ्या मशिदीत होते ती 'मस्जिद जामिअ', लोकांना एकत्र आणणारी मशीद. विजापूरची, दिल्लीची, मुंबईची जामा मशीद ती हीच. कोणा जामा नावाच्या माणसाची ती नव्हे आणि अंगातल्या जाम्याशीही तिचा संबंध नाही.

किती माणसं आली म्हणजे 'जमली'? उत्तर विचारणाऱ्यावर अवलंबून आहे. रोजच्या सामूहिक नमाजेला जमाअत म्हणतात, आणि ती इमाम व मागे उभा एक माणूस एवढ्यावर होते. व्याकरणाला तीन लागतात. जुम्म्याच्या नमाजेसाठी हनफ़ी पंथ इमामाखेरीज तिघांवर समाधान मानतो. शाफ़िई पंथाचा आग्रह चाळिसांचा. कोकणी मुसलमान शाफ़िई आणि घाटावरचे बहुतेक हनफ़ी, म्हणजे सह्याद्री ओलांडला की जमण्याचा हिशेब बदलतो. बेकायदेशीर जमाव ठरायला भारतीय कायद्याला पाच माणसं पुरतात.

जामिअचं स्त्रीलिंगी रूप जामिआ. आधुनिक काळात विद्यापीठासाठी शब्द हवा होता तेव्हा अरबांनी हा घेतला. १९०८ साली कैरोत निघालेलं विद्यापीठ 'अल-जामिआ अल-मिस्रिय्या', म्हणजे मिसरी विद्यापीठ. आपल्याकडची जामिया मिल्लिया इस्लामिया १९२० साली अलीगढला सुरू झाली आणि १९२५ मध्ये दिल्लीला गेली. पण कैरोतच १९४५ साली अरब राष्ट्रांची संघटना स्थापन झाली तिलाही 'जामिआ'च म्हणतात. विद्या एकत्र आणली काय नि देश एकत्र आणले काय, क्रिया तीच.

याच घरातला आणखी एक शब्द जमइय्या, म्हणजे संस्था, मंडळ. जमीयत उलमा-ए-हिंद हे १९१९ मधलं नाव त्यातूनच. इजिप्तमध्ये 'ज'चा उच्चार 'ग' करतात, म्हणून तिथे ती गमइय्या. कैरोच्या बायका दर महिन्याला ठरलेली रक्कम काढतात आणि आळीपाळीने सगळी रक्कम एकीला मिळते, त्या व्यवहाराचं नाव गमइय्या. आपण त्याला भिशी म्हणतो. कुवेतमध्ये काम करणाऱ्या रत्नागिरी-रायगडच्या माणसाला हा शब्द वेगळ्याच कारणाने ठाऊक असतो. तिथल्या प्रत्येक वस्तीत सहकारी भांडार असतं, आणि किराणा आणायला जायचं म्हणजे जमइय्यात जायचं.

मराठीत आल्यावर

हे शब्द मराठीत थेट अरबस्तानातून आले नाहीत. बहमनी, आदिलशाही, निजामशाही आणि मोगल कचेऱ्यांची भाषा फारसी होती, आणि त्या फारसीत अरबी शब्द ठासून भरलेले होते. फारसीने आधीच ऐनचा आवाज बोथट केला होता. मराठीने तो पुसला आणि शेवटी उरलेल्या पोकळीत 'आ' बसवला. जम्अचा झाला जमा. हे एकट्या त्याच्याच बाबतीत घडलं नाही. वज़्अ, म्हणजे खाली ठेवणं, याचं झालं वजा. नफ़्अचा नफा, मन्अचं मना, कल्आचा किल्ला. ज़िल्अ म्हणजे बरगडी, बाजू. त्याचा झाला जिल्हा. जमा, वजा, नफा, किल्ला, जिल्हा: एवढे नेहमीचे शब्द, आणि प्रत्येकाच्या शेपटीला एक मेलेला ऐन आहे. अल-खलीलने ज्या वर्णापासून कोश सुरू केला त्याची मराठीतली ही गत.

जमाखर्च हा जोडशब्द दोन्ही बाजूंनी अरबी. खर्चच्या मुळाशी बाहेर पडण्याचा धातू आहे, ख़-र-ज. कोर्टात दावा खारीज होतो तो त्याच धातूने. आत गोळा होतं ते जमा, बाहेर जातं तो खर्च.

मोगल महसुली कागदांत मात्र 'जमा'चा अर्थ आपल्यासारखा नव्हता. तिथे जमा म्हणजे आकारलेला महसूल, जो यायला हवा तो. प्रत्यक्ष हाती आलेल्याला हासिल म्हणत. दोन्हींत तफावत असायचीच. जमाबंदी, म्हणजे सारा किती हे बांधून ठरवणं, या शब्दात तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. पुण्यात जमाबंदी आयुक्त हे पद आजही आहे. एरवी मराठीत जमा म्हणजे हाती येऊन खात्यात पडलेली रक्कम. 'जमेची बाजू' म्हणजे गुणाची बाजू, आणि एखादी गोष्ट 'जमेस धरली' म्हणजे ती हिशेबात घेतली. कागदावरची अपेक्षित जमा अशी खरीखुरी रक्कम होऊन बसली. आणि जे खरोखर हाती यायचं त्या हासिलचं काय झालं? 'भांडून काय हाशील?' एवढ्या प्रश्नापुरता तो उरला.

गोळा केलेलं ते मजमूअ. महसुलाच्या सगळ्या नोंदी एकत्र येऊन जो ताळेबंद बने तो सांभाळणारा मजमूअ-दार. तोंडात घोळून मुजुमदार. शिवाजी महाराजांच्या कारभारात जमाखर्चावर देखरेख मुजुमदाराची. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी फारसी पदनामं बदलून संस्कृत दिली गेली, तेव्हा मुजुमदाराचा अमात्य झाला, तसा डबीराचा सुमंत आणि सरनौबताचा सेनापती. पदाचं नाव बदललं तरी जुना शब्द कारभारातून आणि आडनावांतून गेला नाही. बंगालमधले मजूमदार आणि गुजरातमधले मजमुदार हे याच कचेरीचे. अत्तराच्या दुकानात 'मजमुआ' मागितला तर कनौजची एक जुनी मिसळण मिळते, खस, केवडा, माती अशी अनेक अत्तरं एकत्र केलेली, तोही मजमूअच.

सगळ्यात लांबचा पल्ला मारला तो जमातने. अरबीत जमाअत म्हणजे एकत्र असलेली माणसं, विशेषतः एका इमामामागे उभी राहिलेली. कोकणातल्या मुसलमान गावांत मशिदीभोवतीच्या समाजाची जमात असते, खोजांचा जमातखाना असतो. तिथवर अर्थ फारसा हललेला नाही. उर्दूत जमाअत म्हणजे शाळेची इयत्ताही. मराठीने मात्र त्यात जन्म घातला. एका जागी आलेल्यांऐवजी एका कुळातून आलेले, असा अर्थ झाला, आणि राज्यघटनेच्या मराठी अनुवादात 'अनुसूचित जमाती' म्हणून तो कायम झाला. अरबीत जमाअतीत सामील होता येतं आणि बाहेरही पडता येतं. मराठी जमातीत माणूस जन्माला येतो.

तोंडवळा सारखा, घर वेगळं

एवढं वाचल्यावर 'ज' आणि 'म' शेजारी दिसले की धातू सापडला असं वाटू लागेल. तिथे जपून. मराठीचा 'ज' हा अरबी-फारसीतल्या चार-पाच वेगळ्या ध्वनींचा उकिरडा आहे. जमीन फारसी, तिचं नातं पृथ्वी या अर्थाच्या संस्कृत 'क्षमा'शी. जामीन अरबी, पण धातू ज़-म-न, हमी घेणे. जमाना अरबी, धातू तोच वाटतो, पण लिपीत पहिलं अक्षर निराळं, म्हणजे धातूही निराळा. जामदार आडनाव मुजुमदारचं चुलत वाटतं; ते फारसी 'जामा', म्हणजे वस्त्र, यातून आलेलं. राजाच्या वस्त्रांची कोठी सांभाळणारा तो जामदार. पेशवेकालीन पत्रांत मिती लिहिताना 'जमादिलावल' येतो, तो हिजरी महिना, धातू ज-म-द, गोठणे. नाव पडलं तेव्हा महिना थंडीत आला होता आणि पाणी गोठलं होतं, अशी पारंपरिक व्युत्पत्ती सांगतात.

जमीनजुमल्यातला जुमला तर एकूण, बेरीज या अर्थाचाच, तरी त्याचा धातू ज-म-ल. आणि हा ज-म-ल कोशकारांची डोकेदुखी आहे. त्याच तीन व्यंजनांतून जुमला म्हणजे एकूण, जमाल म्हणजे सौंदर्य आणि जमल म्हणजे उंट निघतो. उंट आणि सौंदर्य जुळवायला जुन्या पंडितांनी बऱ्याच कसरती केल्या; वाळवंटात राहणाऱ्याला उंट देखणा वाटतोच, इथपर्यंत. मला त्या पटत नाहीत. वेगवेगळ्या वाटांनी आलेले शब्द योगायोगाने एका व्यंजनचौकटीत बसले असावेत, हे जास्त सरळ आहे. धातू म्हणजे अर्थाची हमी नाही. तो बहुतेक वेळा उपयोगी पडणारा माग आहे.

खात्री करायची सोपी वाट म्हणजे शब्द उर्दूत कसा लिहितात ते पाहणं. मराठीने पुसलेले फरक उर्दू लिपीने जपले आहेत. तिथे जमा, जुमा, जमाअत या तिन्हींत ऐन दिसतो. जमीन, जामीन, जमाना, जुमला यांत दिसत नाही.

या कसोटीला दाद न देणारा एक शब्द उरतोच, आणि तो आपल्या रोजच्या तोंडातला आहे: जमणे. लोक जमले, पैसे जमले, इथे तो सरळ 'जमा'चं क्रियापद वाटतो, आणि जमाव, जमवाजमव, कलम १४४ची जमावबंदी (१ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३) ही त्याचीच पोरं. पण गाणं जमलं, भाकरी जमली, लग्न जमलं, त्या दोघांचं जमत नाही, इथे कोण काय गोळा करतंय? हिंदीत दही 'जमतं', रोप 'जमतं', पाय 'जमतात', म्हणजे घट्ट बसतात, रुजतात. त्या 'जमना'चं मूळ संस्कृत-प्राकृतात शोधणारे भाषाभ्यासक आहेत. 'जन्म'चं प्राकृत रूप जम्म, तिथपर्यंत ते माग नेतात. मराठी जमण्यात या दोन्ही ओढ्यांचं पाणी आलं असावं असं मला वाटतं. पैसे जमतात तेव्हा तो अरबी असतो, भाकरी जमते तेव्हा बहुधा नाही.